नव्याने बाजारात आलेली कॉम्पॅक्ट एसयूव्ही : घेताना आणि वापरताना

कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणजे चार मीटरच्या आत बसवलेली, उंच बांध्याची आणि चढायला-उतरायला सोपी मोटार. चार मीटरची ही मर्यादा करव्यवस्थेतून आली. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने लहान मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि लहान मोटार कोणती, हे लांबी व इंजिनाच्या क्षमतेवरून ठरवले. वस्तू व सेवा करातही हीच विभागणी पुढे चालू राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींवर १८ टक्के, त्याहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के आणि विजेवरच्या मोटारींवर ५ टक्के कर आहे. कंपन्या आपली नवी मॉडेल याच चौकटीत आणतात, त्यामागचे मुख्य कारण हे.

या वर्गाचा इतिहास महाराष्ट्राशी जोडलेला आहे. पुण्याच्या प्रीमियर कंपनीने २००९ मध्ये आणलेली रिओ ही चार मीटरच्या आतली देशातील पहिली एसयूव्ही मानली जाते. २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट, २०१६ मध्ये मारुतीची विटारा ब्रेझा, २०१७ मध्ये टाटाची नेक्सॉन आणि २०१९ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ३०० व ह्युंदाईची व्हेन्यू आली. आज नेक्सॉन रांजणगावला, महिंद्राची ३एक्सओ नाशिकला आणि स्कोडाची कायलॅक चाकणला तयार होते.

याच इतिहासात ग्राहकासाठी धडाही आहे. विटारा ब्रेझा आली तेव्हा फक्त डिझेलमध्ये मिळत होती. २०२० मध्ये ती फक्त पेट्रोलमध्ये मिळू लागली. एक्सयूव्ही ३०० च्या जागी पाच वर्षांत नव्या नावाची ३एक्सओ आली. फोर्डने तर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. मोटार घरात दहा-बारा वर्षे राहते. मॉडेल बाजारात तितका काळ तसेच राहील, असे नाही. नवी गाडी पसंत करताना हा हिशेब आधी मांडावा.

तळेरे परिसर गाडीकडून काय मागतो

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कणकवली तालुक्यातील तळेरे हे मुंबई-गोवा महामार्गावरचे, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ वरचे, फाट्याचे गाव. येथून पूर्वेला वैभववाडी, करूळ घाट आणि गगनबावडामार्गे कोल्हापूरचा रस्ता जातो, तर पश्चिमेला विजयदुर्गचा. त्यामुळे येथील गाडीला तीन प्रकारच्या वाटा रोजच्या असतात : महामार्गावरचा वेगाचा प्रवास, घाटाची चढण आणि खाडी-समुद्राकडे जाणारे अरुंद, वळणाचे रस्ते. चौथी वाट घराची असते. पाणंदीतून, जांभ्या दगडाच्या चढावरून किंवा साकवावरून खळ्यापर्यंत पोहोचणारी वाट गाडीची खरी परीक्षा घेते.

या वाटांवर कॉम्पॅक्ट एसयूव्ही चांगली जुळते. या वर्गातील बहुतेक गाड्यांचा तळ जमिनीपासून साधारण १८५ ते २१० मिलिमीटर उंच असतो. पावसाने धुपलेल्या वाटेवर तो घासत नाही. लांबी कमी असल्याने अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली तरी गाडी कडेला घेता येते. उंच आसनामुळे वयस्कर माणसांना गुडघे फारसे न वाकवता बसता येते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. दिसायला दणकट असल्या तरी या वर्गातील बहुतेक सर्व गाड्या केवळ पुढच्या चाकांवर चालतात. ओल्या मातीच्या चढावर मागे माणसे आणि सामान भरले की पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि चाके जागच्या जागी फिरतात. गणपतीला पाच माणसे आणि त्यांच्या बॅगा, किंवा मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, असा भार नेहमीचा असेल तर मागची डिकी प्रत्यक्ष पेटी ठेवून मोजावी. माहितीपत्रकातील लिटरचा आकडा पेटी मावेल की नाही ते सांगत नाही.

नव्या मॉडेलचे फायदे

पहिला फायदा सुरक्षिततेचा. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या मोटारीला असा दर्जा मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यानंतर या वर्गात सुरक्षिततेची स्पर्धा सुरू झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही देशाची स्वतःची चाचणी सुरू झाली. नव्या रचनेच्या गाड्यांत सहा एअरबॅग, घसरण रोखणारी ईएससी प्रणाली आणि चढावर गाडी मागे येऊ न देणारी हिल होल्ड ही सोय आता सर्रास मिळते. घाटात शेवटच्या दोन सोयींचा उपयोग दररोज होतो. मात्र नव्या गाडीची चाचणी झाली आहे का आणि ती कोणत्या प्रतीची झाली, हे विचारून घ्यावे. जुन्या मॉडेलला मिळालेले तारे नव्याला आपोआप लागू होत नाहीत.

दुसरा फायदा इंधनाचा. देशात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि नवी इंजिने त्यासाठीच तयार केलेली असतात. जुनी गाडी घेणाऱ्याला रबरी नळ्या आणि इंधन पंपाबाबत जी काळजी वाटते, ती येथे उरत नाही. तिसरा फायदा वॉरंटीचा : ती पहिल्या दिवसापासून पूर्ण मिळते आणि वाढीव वॉरंटी सुरुवातीला स्वस्तात घेता येते.

सुरुवातीची किंमत हाही फायदा असतो, पण त्याला मुदत असते. निसानची मॅग्नाइट डिसेंबर २०२० मध्ये ४.९९ लाख रुपयांपासून आली आणि १ जानेवारी २०२१ पासून तिची प्राथमिक प्रत ५.४९ लाखांवर गेली. बुकिंगच्या अर्जावर बहुधा ‘ताबा घेतेवेळी असलेली किंमत लागू’ असे छापलेले असते. तेव्हा आज पैसे भरून चार महिन्यांनी गाडी मिळणार असेल, तर जाहिरातीतील किंमत गृहीत धरू नये. किंमत कायम राहणार असल्याचे लेखी घ्यावे.

नव्या मॉडेलच्या अडचणी

नव्या गाडीचे गुण बाजारात येण्याच्या दिवशी दिसतात. दोष दिसायला एक वर्ष जाते. कारखान्यातील चाचण्या कितीही कसोशीने झाल्या तरी हजारो घरांतील वापर त्यानंतरच सुरू होतो. दारांच्या रबरातून झिरपणारे पाणी, खडखडणारा डॅशबोर्ड, मध्येच बंद पडणारा पडदा, विनाकारण पेटणारा इशारादिवा ही पहिल्या काही महिन्यांतील नेहमीची दुखणी आहेत. त्यांतील बरीच सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर जातात. पण त्यासाठी गाडी अधिकृत केंद्रात न्यावी लागते आणि येथेच अंतराचा प्रश्न येतो.

तळेऱ्याहून कणकवली किंवा कुडाळपर्यंत जाणे सोपे आहे. ज्या कंपनीचे केंद्र जिल्ह्यात नाही, तिच्या गाडीसाठी मात्र घाट चढून कोल्हापूर गाठावे लागते. २०२४ मध्ये रस्त्याच्या कामासाठी करूळ घाट दीर्घकाळ बंद होता आणि वाहनांना भुईबावडा किंवा फोंडा घाटाने जावे लागत होते. पावसाळ्यात दरड आली की हीच वेळ पुन्हा येते. म्हणून गाडी निवडण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात : सर्वांत जवळचे अधिकृत केंद्र कुठे, ते केवळ विक्री करते की दुरुस्तीही, गाडी बंद पडल्यास उचलून नेण्याची सेवा तळेऱ्यापर्यंत येते का, आणि रंगकाम व पत्र्याचे काम तेथे होते का.

सुट्या भागांची टंचाई ही दुसरी अडचण. तेलाचा फिल्टर किंवा ब्रेक पॅड मिळतात. पण किरकोळ धडकेत फुटलेला पुढचा दिवा, बंपर किंवा काच पहिल्या वर्षात आठवडेच्या आठवडे येत नाही, कारण कारखान्यातील बरेचसे भाग नव्या गाड्या जोडण्याकडेच जातात. गावच्या मेकॅनिकलाही नवे मॉडेल परके असते आणि दोष वाचण्याचे उपकरण अजून त्या गाडीसाठी तयार झालेले नसते.

नवी तंत्रे ही तिसरी बाब. २०२३ पासून या वर्गात चालकाला सहाय्य करणारी अ‍ॅडास प्रणाली येऊ लागली. समोरच्या काचेमागील कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे आणि पुढचे वाहन पाहून ब्रेक लावतो किंवा स्टिअरिंग सांभाळतो. धो धो पावसात, धुक्यात किंवा पट्टेच नसलेल्या गावरस्त्यावर ती बंद पडते आणि तसा इशारा देते. आडवे येणारे जनावर तिला वेळीच दिसेल असे धरून चालू नये. शिवाय काच बदलली की कॅमेरा नव्याने जुळवावा लागतो. ते काम जवळच्या केंद्रात होते का, हे आधी पाहावे.

पुनर्विक्रीची किंमत ही चौथी बाब. नव्या मॉडेलला जुन्या बाजारात भाव ठरलेला नसतो. खप वाढला तर भाव टिकतो. खप बसला तर वर्षभरात मोठी घट येते. तीन-चार वर्षांत गाडी बदलण्याची सवय असेल, तर हा धोका जास्त आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्स

मोठ्या इंजिनाऐवजी १,००० ते १,२०० सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन हे या वर्गाचे वैशिष्ट्य. ते चढावर जोर देते. मात्र पूर्ण भाराने घाट चढताना पेट्रोल बरेच खाते. टर्बो नसलेले तीन सिलिंडरचे इंजिन सपाटीवर बचत करते, पण करूळ घाटात पाच माणसांसह एसी चालू असताना दुसऱ्या गिअरवर यावे लागते.

डिझेल निवडताना रोजचा प्रवास पाहावा. आजच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ही काजळी जाळून साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून वीस-पंचवीस मिनिटे एका गतीने धावावी लागते. तळेरे ते कणकवली असा महामार्गावरचा प्रवास त्याला पुरतो. पण घर ते बाजार एवढेच फिरणे असेल तर फिल्टर तुंबतो, आणि तो बदलणे खर्चिक असते. महिन्याला फार अंतर होत नसेल, तर डिझेलचा मोह टाळावा.

सीएनजीच्या गाडीत टाकीमुळे डिकी आक्रसते, टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते आणि चढावर ताकद कमी पडते. विजेची गाडी घाट उतरताना वीज परत साठवते आणि रोजच्या ठरावीक अंतराला स्वस्त पडते. मात्र पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, हे धरून चार्जिंग आदल्या दिवशीच करून ठेवण्याची शिस्त हवी आणि घरचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यायला हवे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे प्रकार एकसारखे नाहीत. एएमटी स्वस्त असते, पण चढावर गिअर बदलताना अडखळते. ड्युअल क्लच चपळ असते. मात्र कोरड्या क्लचचा प्रकार मालवाहू ट्रकच्या मागे मुंगीच्या गतीने घाट चढताना तापतो आणि इशारा देतो. टॉर्क कन्व्हर्टर अशा वापराला सर्वांत सोशिक. चाचणीसाठी गाडी घेताना शोरूमभोवती फेरी मारून भागत नाही. घरची माणसे बसवून ती चढणीवर नेण्याचा आग्रह धरावा.

कागद, कर आणि ताबा

महाराष्ट्रात खासगी मोटारीवर एकरकमी मोटार वाहन कर लागतो. पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के. डिझेलला अनुक्रमे १३, १४ आणि १५ टक्के. त्यामुळे सीमारेषेवरच्या दोन प्रतींत दहा-वीस हजारांचा फरक दिसला तरी रस्त्यावर येईपर्यंत तो वाढलेला असतो. १० लाखांवरील गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस घेतो. ती रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रात जमा धरली जाते, म्हणून तिचे प्रमाणपत्र जपून ठेवावे. ‘हँडलिंग चार्जेस’ या नावाच्या रकमेला कायद्यात आधार नाही. विमाही विक्रेत्याकडूनच घ्यावा, अशी सक्ती नाही.

नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा घ्यावाच लागतो. स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात तीन पुरवण्या येथे उपयोगाच्या आहेत. शून्य घसारा असल्यास प्लॅस्टिक-रबराच्या भागांची किंमत कापली जात नाही. इंजिन संरक्षण असल्यास पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनाची भरपाई मिळते. साध्या विम्यात ती सहसा मिळत नाही. रिटर्न टू इन्व्हॉइस असल्यास गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर बिलातील किंमत मिळते.

ताबा घेण्याआधी, म्हणजे नोंदणी होण्याच्याही आधी, गाडी दिवसाउजेडी पाहावी. फॉर्म २२ वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते. त्यावरील चासी क्रमांक बिलावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार अंक असतात : पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. १४२५ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा. पाचही टायर पाहावेत. पाचवा टायर लहान आकाराचा आहे, की टायर नसून केवळ पंक्चरचे किट आहे, हेही तेव्हाच कळते. भर पावसात घाटात टायर कापला गेला तर किटचा उपयोग होत नाही. रंगातील फरक, दारांमधील फटी, काचांवरील उत्पादन वर्ष, मीटरवरील किलोमीटर आणि सर्व स्विच तपासून मगच सिंधुदुर्गच्या एमएच-०७ क्रमांकासाठी नोंदणीला संमती द्यावी. नोंदणी झालेली गाडी परत करणे फार अवघड असते.

पहिले हजार किलोमीटर आणि पहिला पावसाळा

सुरुवातीच्या हजार किलोमीटरमध्ये इंजिन फार फिरवू नये, एकाच वेगाने तासन्‌तास चालवू नये आणि पूर्ण भाराने घाट चढू नये. ब्रेकही या काळात बसत असतात. घाट उतरताना ज्या गिअरवर तो चढला जातो, त्याच गिअरवर उतरावा. ब्रेक दाबून धरला तर तापून त्याची पकड जाते.

मे अखेरीस एक तपासणी घरीच करावी. सनरूफ असलेल्या गाडीत छताच्या चौकटीला कोपऱ्यांतून बारीक नळ्या असतात. काचेभोवती साचणारे पाणी त्यांतून खाली जाते. आंब्या-फणसाखाली गाडी उभी राहत असेल तर मोहोर, पाने आणि चीक यांनी या नळ्या तुंबतात आणि पहिल्याच मोठ्या सरीत छताच्या दिव्यातून पाणी टपकते. सनरूफ उघडून चौकटीच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी हळू ओतावे. ते चाकाजवळ किंवा दाराच्या बिजागरीजवळ खाली पडले तर नळी मोकळी आहे. बोनेट आणि काच यांच्यामधील जाळीतील पालाही हाताने काढावा. तेथे साचलेले पाणी एसीच्या वाटेने पायाशी उतरते.

समुद्राकडचा खारा वारा पत्र्याला गंज आणतो. विजयदुर्ग, देवगड, मालवणकडे वरचेवर जाणे असेल तर परतल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा. तळाला गंजरोधक लेप देण्याआधी तो दिल्याने कंपनीची गंजाची वॉरंटी जात नाही, याची खात्री करावी. मांगरात उभ्या केलेल्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. आंब्याच्या पेट्यांचा पेंढा आणि भाताची पोती गाडीपासून लांब ठेवावीत आणि दर दोन-तीन दिवसांनी गाडी सुरू करून बोनेट उघडून पाहावे.

साकवावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर त्या एका प्रयत्नात कनेक्टिंग रॉड वाकतो आणि विमा कंपनीलाही भरपाई नाकारायला कारण मिळते. टायरच्या खाचांची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर असली, तरी कोकणातील पावसात ती ३ मिलिमीटरवर आली की टायर बदलणे शहाणपणाचे.

दोष निघाल्यास

प्रत्येक तक्रार जॉबकार्डवर लिहून घ्यावी आणि त्याची प्रत ठेवावी. ‘तपासले, ठीक आहे’ असे तोंडी उत्तर पुढे कुठेच पुरावा ठरत नाही. आवाज किंवा इशारादिवा येतो-जातो, असा दोष असेल तर किलोमीटरच्या आकड्यासह त्याचे चित्रीकरण करावे. बाहेरच्या दुकानात वायर कापून हॉर्न, दिवे किंवा कॅमेरा बसवू नये. विजेच्या दोषाची वॉरंटी त्याच कारणावरून नाकारली जाते.

उत्पादनातच दोष असेल तर कंपनी गाड्या परत बोलावून दुरुस्त करते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सरकारलाही असा आदेश देण्याचा अधिकार मिळाला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतील वाहनांना लागू आहेत. चासी क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर वर्षातून दोनदा पाहणे पुरेसे. अशी दुरुस्ती मोफत असते.

दुरुस्ती वारंवार फसली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यानेही भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ५० लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. गाडी कोल्हापूरहून घेतलेली असली तरी ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे सिंधुदुर्गातच, दाद मागता येते. त्यासाठी घाट चढावा लागत नाही.

केव्हा घ्यावी

घरात दुसरे वाहन असेल, कंपनीचे दुरुस्ती केंद्र कणकवली-कुडाळच्या टप्प्यात असेल आणि गाडी सात-आठ वर्षे ठेवायची असेल, तर नवे मॉडेल सुरुवातीच्या किमतीत घेण्यात तोटा नाही. घरची एकमेव गाडी असेल, आजारी माणसाला रात्री-अपरात्री न्यावे लागत असेल किंवा व्यवसाय तिच्यावरच चालत असेल, तर त्या मॉडेलला एक पावसाळा जाऊ द्यावा. तोवर पहिल्या वर्षातील दोष उघड होतात, सुटे भाग केंद्रांत येऊन पडतात, धडक चाचणीचा निकाल बहुधा हाती येतो आणि पावसातून गेलेल्या गाडीच्या मालकाला प्रत्यक्ष भेटून विचारता येते. घाई करून वाचलेले वीस-पंचवीस हजार रुपये गाडी महिनाभर दुरुस्तीला अडकली तर पुरत नाहीत. एक पावसाळा थांबून घेतलेली गाडी मात्र तळेऱ्याच्या घाटा-किनाऱ्यावर वर्षानुवर्षे विश्वासाने चालवता येते.